‘सिस्टर’ समाधानी आहेत का?

१२ मे हा दिवस जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच दिवशी झाला. आपल्या अनेक धर्मग्रामांत त्या सुमाराच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर परिचारिकांना वेदीजवळ बोलावण्यात येते, त्यांच्या हाती एकेक गुलाबपुष्प दिले जाते आणि उपस्थित भाविक टाळ्या वाजवून त्यांचे अभिनंदन करतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका समारंभानंतर एक तरुण भगिनी मला चर्चच्या प्रांगणात भेटली. रात्रपाळी करून ती थेट स्टेशनवरून मिस्साला आली होती. “फादर, फूल छान आहे,” ती म्हणाली, “पण पुढच्या वर्षी फुलाऐवजी आमच्या मॅनेजमेंटला एक पत्र लिहाल का?” आम्ही दोघेही हसलो. नंतर तिने जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. बारा तासांची पाळी, तीस रुग्णांमागे दोघीजणी आणि तीन वर्षांत पगारात एका रुपयाचीही वाढ नाही. नोकरी खाजगी रुग्णालयातली. तिची मावशी मुंबईच्या महापालिका रुग्णालयातून निवृत्त झालेली. “मावशीला पेन्शन आहे,” ती म्हणाली, “पण तिला विचारा, ती तरी कुठे सुखात होती?”

मी मावशीलाही विचारले. त्या दोघींच्या बोलण्यातून जो प्रश्न उभा राहिला तो या लेखाचा विषय आहे. सरकारी रुग्णालयातील परिचारिका अधिक समाधानी असते की खाजगी रुग्णालयातील? आपल्या वसईसारख्या भागात हा प्रश्न परका नाही. मुलगी मॅट्रिक झाली की शिक्षिका किंवा नर्स, या दोनच वाटा एके काळी आपल्या घराघरांत चर्चिल्या जात. आजही पहाटेच्या लोकलमध्ये डबा सांभाळत बसलेल्या सिस्टर आपल्याच धर्मग्रामांतल्या असतात.

प्रथम ‘समाधान’ या शब्दाचा विचार करू. १९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या दोन सहकाऱ्यांसह या विषयावरील संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांना त्यांनी विचारले होते की, तुम्हाला आपल्या कामाविषयी विशेष चांगले केव्हा वाटले आणि विशेष वाईट केव्हा वाटले? उत्तरे पाहता असे दिसले की, माणसाला दुःखी करणाऱ्या गोष्टी एक असतात आणि सुखी करणाऱ्या वेगळ्या. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, संस्थेचे नियम हे बिघडले की माणूस असमाधानी होतो. परंतु हे सर्व नीट केल्याने तो आपोआप समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते प्रत्यक्ष कामातून, काम तडीस नेल्याच्या भावनेतून, जबाबदारी मिळण्यातून, कोणीतरी दखल घेण्यातून. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली. चांगले घडले की माणूस त्याचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचे खापर संस्थेवर फोडतो, हा त्यातला एक आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही ‘असमाधान नसणे’ आणि ‘समाधान असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून घेतले तरी मावशी आणि भाची या दोघींचे म्हणणे उलगडू लागते.

मावशीची बाजू आधी पाहू. सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात कायम नेमणूक मिळालेल्या परिचारिकेला वेतन आयोगाप्रमाणे वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या रुग्णालयांतील नर्सिंग ऑफिसरचे सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरले. भत्ते त्याहून वेगळे. रजा, प्रसूतिरजा, भविष्य निर्वाह निधी, ठरलेली वार्षिक वेतनवाढ आणि उद्या नोकरी जाणार नाही ही खात्री. असमाधान टाळणाऱ्या या गोष्टींत सरकारी नोकरी निःसंशय पुढे आहे. निवृत्तिवेतनाबाबत मात्र एक भेद लक्षात ठेवायला हवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नव्हती, आणि मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जो संप केला त्यात शासकीय परिचारिकाही उतरल्या होत्या.

मग मावशी सुखात का नव्हती? तिचे उत्तर सरळ होते: “माणसे.” म्हणजे रुग्णांची संख्या. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष असे की, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या बदल्यात तीस टक्के जागा अधिक असाव्यात. ज्यांनी पावसाळ्यात मुंबईच्या एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड पाहिला आहे त्यांना हा निकष वाचून काय वाटेल ते सांगायला नको. रुग्णाभ्यंगासाठी मी तिथे अनेकदा गेलो आहे. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी, त्या गादीवर रुग्ण, आणि त्याच्या सलाइनची बाटली वरच्या खाटेच्या स्टँडला लटकवलेली. पाय कुठे ठेवावा हे कळत नाही. तिथे एक सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत असते, दुसरी नोंदवह्या भरत असते, आणि चादरींचा हिशेब व औषधांची मागणीपत्रेही त्यांनीच पूर्ण करायची असतात. मावशी म्हणाली, “पेशंटचे अंग पुसून देणे, त्याच्याशी दोन शब्द बोलणे, यासाठी मी नर्स झाले. तेवढेच सोडून बाकी सगळे केले.”

ही केवळ भावनेची बाब नाही. २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा त्यात मागोवा घेतला होता. परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्याच एका जादा रुग्णामागे परिचारिका मनाने पूर्ण थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि तिच्या नोकरीविषयीच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी वाढत होती. याचा अर्थ, सिस्टरचे समाधान आणि खाटेवरच्या माणसाचा जीव या दोन्हींचे धागे एकाच गाठीत आहेत. आपण रुग्णाचे नातेवाईक म्हणून ‘सिस्टर लक्ष देत नाहीत’ अशी तक्रार करतो तेव्हा तिच्याकडे किती रुग्ण आहेत हे क्वचितच मोजतो.

सरकारी क्षेत्राच्या पोटातही आता दोन वर्ग झाले आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कायम नेमणुकीच्या परिचारिकेशेजारी कंत्राटी परिचारिका उभी असते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून अशा नेमणुका मोठ्या प्रमाणावर झाल्या. काम तेच, गणवेश जवळजवळ तोच, परंतु पगार कमी आणि मुदत संपली की पुढचा भरवसा नाही. मे २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड जिल्ह्यात निपाह विषाणूची साथ आली. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात लिनी पुदुश्शेरी या परिचारिकेने त्या रुग्णाची शुश्रूषा केली, तिला संसर्ग झाला आणि २१ मे रोजी ती मरण पावली. दोन लहान मुलांची आई. साऱ्या देशाने तिचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु ती सरकारी रुग्णालयात काम करीत असूनही कायम सेवेत नव्हती, ही गोष्ट त्या कौतुकात मागे पडली.

आता भाचीकडे वळू. खाजगी रुग्णालयात फरशी स्वच्छ असते, यंत्रे नवी असतात, औषधांचा साठा संपलेला नसतो. शिकण्याची हौस असलेल्या मुलीला अतिदक्षता विभागात पाच वर्षांत जे शिकायला मिळते ते तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षांतही मिळणार नाही. कामाची जागा या एका बाबतीत खाजगी क्षेत्र उजवे आहे, हे मावशीही मान्य करते. अडचण सुरू होते ती महिन्याच्या शेवटी. लहान नर्सिंग होमपासून नामांकित रुग्णालयापर्यंत पगाराचे आकडे व्यवस्थापनाच्या मर्जीवर असतात. आवाज उठवावा तर दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’. आणि जावे म्हटले तर कागदपत्रे अडकलेली. कित्येक ठिकाणी नोकरीवर घेतानाच एक-दोन वर्षांचा बंधपत्रकरार लिहून घेत आणि मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेत. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून नर्सिंग केलेल्या मुलीच्या दृष्टीने ही वेठबिगारीच होती. २०११ साली भारतीय परिचर्या परिषदेने या बंधपत्र पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली. तरीही मूळ प्रमाणपत्रे मागून घेतल्याच्या कहाण्या त्यानंतरही माझ्या कानी आल्या आहेत. पालकांना माझे एवढेच सांगणे की, मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत आणि प्रती द्याव्यात, पण मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

खाजगी रुग्णालयांतील वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी त्या समितीच्या शिफारशी आल्या. त्या प्रत्येक रुग्णालय व्यवस्थापनाने भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारच्या परिचारिकेइतकेच वेतन असावे. शंभरपेक्षा अधिक खाटा असतील तर ते त्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे. पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी फार तर पंचवीस टक्के कमी चालेल. पन्नासहून कमी खाटांच्या छोट्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांखाली वेतन असू नये. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सवलत, वाहतूक आणि निवास यांबाबतही सरकारी नोकरीच्या बरोबरीची वागणूक समितीने सुचवली. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे पाठवल्या. अंमलबजावणी राज्यांच्या हाती राहिली. केरळात परिचारिकांनी २०१७ साली मोठे आंदोलन केले आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान २०,००० रुपयांची अधिसूचना काढली. त्या आंदोलनात ख्रिस्ती परिचारिका मोठ्या संख्येने होत्या, आणि ज्यांच्या विरोधात त्या उभ्या होत्या त्यांत ख्रिस्ती संस्थांची रुग्णालयेही होती.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण गोष्ट आपल्या घरात आली आहे. मिशनची रुग्णालये ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ या दोन रकान्यांपैकी दुसऱ्यातच मोडतात. त्यांचा इतिहास उज्ज्वल आहे. डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लोरी १९२० साली ऑस्ट्रेलियातून गुंटूरला आल्या आणि १९४३ साली त्यांच्या पुढाकाराने कॅथोलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. जिथे दुसरे कोणी जात नव्हते अशा गावी धर्मभगिनींनी दवाखाने चालवले. त्या वेळी हिशेबाच्या वहीत परिचारिकांच्या वेतनाचा रकाना जवळजवळ रिकामा असे, कारण शुश्रूषा करणाऱ्या बहुतांश धर्मभगिनीच होत्या. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले होते, त्यांचे जेवणखाण आणि म्हातारपण त्यांच्या संस्थेने सांभाळले. पुढे धर्मभगिनींची संख्या कमी झाली आणि त्यांच्या जागी प्रापंचिक परिचारिका आल्या. त्यांना घरभाडे आहे, सासूचे औषधपाणी आहे, मुलांच्या शाळेची फी आहे. त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतलेले नाही. तरी काही ठिकाणी वेतनाचा विचार अजून त्या जुन्या वहीतूनच केला जातो आणि पगारवाढीचा विषय निघाला की उत्तर मिळते, ‘ही सेवा आहे’.

मी स्वतः एका रुग्णालयाच्या सल्लागार मंडळावर काही वर्षे बसलो आहे आणि हे उत्तर तिथे ऐकले आहे. तेव्हा मी गप्प राहिलो, हेही लिहून ठेवतो. व्यवस्थापनाची अडचण खोटी नव्हती. गरीब रुग्णांची बिले माफ करायची, दर कमी ठेवायचे, शासनाच्या योजनांचे पैसे महिनोन्‌महिने यायचे नाहीत, आणि त्यात डॉक्टरांना बाजारभावाने मानधन द्यावेच लागते, नाहीतर ते जातात. शेवटी काटकसर कोणाच्या पगारात करायची? जी जाऊ शकत नाही तिच्या. आमच्या मंडळाने गरिबांना सवलत देण्याचा ठराव केला आणि ती सवलत प्रत्यक्षात वॉर्डमधल्या सिस्टरच्या पगारातून दिली गेली. तिला कोणी विचारले नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत संदिग्ध नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली आपापल्या विश्वपत्रांत कामगाराच्या न्याय्य वेतनाचा विषय सविस्तर मांडला. कुटुंबाचा चरितार्थ चालेल इतके वेतन ही त्यांच्या दृष्टीने मालकाची मेहेरबानी नव्हे. १९७१ च्या बिशपांच्या जागतिक सिनडने तर ही कसोटी ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या संस्थांनाही लावली. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण सर्व जण दयाळू शोमरोन्यासाठी ओळखतो. परिचारिका दिनाच्या प्रवचनात तो हमखास येतो. पण त्या कथेत जखमी माणसाची पुढची शुश्रूषा कोणी केली? उतारशाळेच्या मालकाने. शोमरोन्याने त्याला दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना तो भरून देण्याचे वचन दिले. त्याला ‘ही सेवा आहे’ असे सांगितले नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी, शिष्यांना पाठवताना, कामकऱ्याचा मजुरीवरचा हक्क प्रभू येशूनेच सांगितला आहे. प्रवचन करताना आपण तो भाग ओलांडून पुढे जातो. मीही गेलो आहे.

याचा अर्थ पगार वाढवला की प्रश्न मिटला असा नाही. हर्झबर्गचा दुसरा भाग उरतोच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत युरोपातील बारा देशांच्या परिचारिकांना त्यांच्या नोकरीविषयी विचारले होते. नेदरलँड्समध्ये शंभरातील ११ जणी असमाधानी होत्या, तर ग्रीसमध्ये ५६. देश बदलला, रुग्णालयाचा कारभार बदलला की तेच काम करणाऱ्यांच्या मनःस्थितीत एवढे अंतर पडते. आपल्या अनेक मुली इंग्लंड, आयर्लंड आणि आखाती देशांत गेल्या आहेत. तिथला पगार त्यांच्या इथल्या घरांच्या भिंतींवर दिसतो. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील परिचारिकांनीही संप केला. १९१६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुकारलेला इतका व्यापक संप यापूर्वी झाला नव्हता. पगार हा त्यातला मुख्य मुद्दा होता, आणि अपुऱ्या मनुष्यबळामुळे रुग्णांना धोका होतो हाही.

अमेरिकेत १९८३ साली उलट दिशेने शोध घेण्यात आला. परिचारिकांची टंचाई सगळीकडे असताना काही रुग्णालयांत मात्र त्या टिकून राहतात, ते का? अशी ४१ रुग्णालये निवडून अभ्यासली गेली. लोहचुंबकासारखी परिचारिकांना धरून ठेवणारी म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ रुग्णालये हे नाव पडले. तिथे मेट्रनला व्यवस्थापनाच्या बैठकीत खरे स्थान होते, पुरेशा परिचारिका होत्या, पाळ्या ठरवताना लवचिकता होती आणि रुग्णाच्या शुश्रूषेविषयीचे निर्णय परिचारिका स्वतः घेऊ शकत होत्या. यांतल्या दोन-तीन गोष्टींना पैसा लागतो, पण बाकीच्यांना व्यवस्थापकाने आपल्या खुर्चीत थोडी जागा करून द्यावी लागते. आपल्याकडे सरकारी आणि खाजगी दोन्ही ठिकाणी परिचारिका डॉक्टरांच्या मागे उभी असते. राउंडच्या वेळी रात्रभर रुग्णाजवळ असलेल्या सिस्टरला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणारे डॉक्टर मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले. पंचवीस वर्षे नोकरी करून अधिपरिचारिका म्हणूनच निवृत्त होणाऱ्या किती तरी जणी आपल्या ओळखीच्या असतील.

मावशीला मी शेवटी विचारले होते की, एवढी वर्षे मग काढली कशी? तिने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग यांचे नाव घेतले. ती स्वतः तिथे नव्हती, पण महापालिकेच्या सर्वच परिचारिकांना ती हकीकत आपली वाटते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने अरुणा यांच्यावर हल्ला केला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. परिचारिकांनी त्या वेळी सुरक्षेसाठी आणि कामाच्या परिस्थितीसाठी संप केला होता. त्यानंतर बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या खोलीत के.ई.एम.च्या परिचारिकांनी त्यांना भरवले, आंघोळ घातली, कुशीवर वळवले. महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवण्याचे ठरवले तेव्हा परिचारिकांनी विरोध केला. त्यांना मृत्यू देण्याची विनंती करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली तेव्हाही या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या, आणि ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती विनंती नाकारली. ज्यांनी अरुणा यांना धडधाकट पाहिलेही नव्हते अशा नव्या मुली पाळीपाळीने ते काम करीत राहिल्या. तेही गर्दीने ओसंडणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयात, बाकीचे वॉर्ड सांभाळून.

“तिथे एका तरी पेशंटचे सगळे नीट करता येत होते, फादर,” मावशी म्हणाली. “आम्हाला तेवढेच हवे असते.”

भाचीने त्यानंतर महापालिकेच्या भरतीसाठी दोनदा अर्ज केला. अजून तिची निवड झालेली नाही आणि वयोमर्यादा जवळ येत चालली आहे. मध्यंतरी तिच्या रुग्णालयात पाळी बारा तासांवरून आठ तासांची झाली, पगार मात्र तेवढाच राहिला. तिच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिण्याचे माझे राहून गेले होते, ते मी या महिन्यात लिहिले आहे. सोबत २०१६ च्या शिफारशींची प्रत जोडली आहे. तिचे नाव त्यात घातलेले नाही, तशी तिने अट घातली होती. ज्या सल्लागार मंडळावर मी पूर्वी होतो, त्यांनाही तेच पत्र पाठवले आहे.